काकवी

तिचं नाव ट्रीकल. डोरीनने ठेवलेलं.
अर्थ विचारला तेव्हा तिने डबाच उघडून दाखवला:
काळं, दाट, चमच्यावरून सावकाश उतरणारं.
अगं, ही तर काकवी, मी म्हटलं,
आणि मांजरीचा एक कान हलला.
तेव्हापासून तिला दोन नावं आहेत
आणि ती एकालाही ओ देत नाही.

डोरीनला होममध्ये नेलं त्या दिवशी
तिचा मुलगा म्हणाला, हिला झोपवूनच टाकू,
रोज दोन सुया, कोण करणार?
मी बत्तीस वर्षं होजिअरीत ओव्हरलॉक चालवलं.
सुईला भीत नाही, म्हटलं. दे इकडे.

सकाळी सात. संध्याकाळी सात.
मानेमागचं कातडं चिमटीत धरून
तंबूसारखं उचलायचं. दीड युनिट.
फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्याला टेकून तिची बाटली.
आधी खाणं, मग सुई. उलटं चालत नाही.
पण काकवी खाते तिच्या मर्जीने,
दोन घास, खिडकी, एक घास, पंजा चाटणं,
आणि तेवढ्यात मागच्या दाराच्या फटीतून
डर्बीचा जून महिना आत येतो
एकामागून एक.

व्हेटने बजावलंय: पावडर नाही, खडू नाही,
मुंगी विष खाईल, मांजर मुंगी खाईल.
म्हणून आईची युक्ती काढली.
परातीत पाणी, पाण्यात पालथी वाटी,
वाटीवर बशी, बशीत ट्यूना.
बार्शीला दुधाच्या कपाटाचे पाय
असेच पाण्यात उभे असायचे.
पहिल्या दिवशी काकवीने ट्यूना हुंगला
आणि खंदकच पिऊन टाकला.
आता परात मोठी घेतली आहे.
मुंग्या काठाशी येऊन थांबतात,
मिशा हलवत सल्लामसलत करतात
कौन्सिलच्या माणसांसारख्या,
आणि काही न ठरवता परत जातात.

मग त्या तिच्या मातीच्या ट्रेकडे वळल्या.
तिथे काय ठेवलंय, म्हणत मी वाकले
आणि वाकलेलीच राहिले.
बाबा जाऊन आले की मोरीच्या कडेने लाल रेघ.
आई उकळतं पाणी ओतायची, हळद टाकायची,
मेल्या येतात कुठून कोण जाणे, म्हणायची.
रोज सांगत होत्या त्या, रांगेत उभ्या राहून.
आम्ही दोन वर्षं त्यांना धुऊन काढलं.

बुधवारी रात्री काकवी सोफ्याखालून निघेना.
ओढून काढली तर मान टाकलेली,
पाय सैल भिजवलेल्या कणकेसारखे.
कानाला टोचून मीटर पाहिलं: दोन पॉइंट एक.
ज्या साखरेला पाच महिने
झाकणावर झाकण, वर लवंगा, वर फळी
अशी कैदेत ठेवली होती,
तिच्याचसाठी स्टुलावर चढले.
मधाची बाटली. बोटाने हिरड्यांना चोळला.
घे बाई. घे. पुन्हा घे.
आईसारखं रागावून पाहिलं.
मग डोरीन म्हणायची तसं, मला, पोस्टमनला, सगळ्यांनाच:
कम ऑन, मी डक.
मी डक, मी डक, म्हणत बसले जमिनीवर,
बासष्ट वर्षांची बाई.
अकराव्या मिनिटाला तिने माझं बोट चावलं.
रक्त आलं. मी हसत सुटले.

पहाटे साडेचारलाच उजाडलं.
फरशीवर मधाचे चार-पाच थेंब,
आणि दाराच्या फटीपासून तिथवर रांग.
ओलं फडकं घेऊन आले.
काकवी माझ्या पायाशी बसून बघत होती,
शेपूट परातीतल्या पाण्यात, तिला पत्ता नाही.
दवाखान्याचा फोन आठला सुरू होतो.
विचारल्याशिवाय आज सुई नाही.
फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं.
तोवर खा, म्हटलं. सावकाश.