सत्तावीस भागिले एकशे आठ

पणजीहून नळकांड्यातून आला कागद.
पांढरे सुती मोजे घालून उलगडला,
कोपऱ्यांवर ठेवली तराजूची तीन वजनं
आणि चौथ्यावर दुकानाचं कुलूप.

पोफळीतले बुवा. फक्त चेहरा,
सुपाहून मोठा.
उजवीकडे चित्रकाराची सही, डावीकडे शिसपेन्सिलीनं
२७/१०८.
एकशे नववा निघणार नाही,
असं प्रमाणपत्र सोबत, सोनेरी शिक्क्याचं.

गिऱ्हाईक धारगळकर, पर्वरीला नवा फ्लॅट.
"भिंग लावून बघा," म्हणाले, "फोटो नव्हे हं,
मूळ हातानं काढलंय, चौदा महिने."
लावलं.
नाकपुडीशी तपकिरीचा डाग.
कानाच्या पाळीत बुजत आलेलं भोक.
हनुवटीवर वस्तऱ्यातून सुटलेले तीन केस.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि त्या धुक्यातही
खिडकीचे गज, मोजता येतील असे.

तेवीस वर्षं म्हापशात देव चौकटीत बसवतोय.
देवांच्या कातडीला छिद्रं नसतात.
भिंग खाली ठेवलं. जरा लाजच वाटली,
झोपलेल्या माणसाकडे
फार वेळ बघत राहिल्यासारखी.

दुपारी जयवंती आली, दारातली फुलवाली, पाणी मागायला.
बुवांच्या मठीत फरशी बसेपर्यंत
एकोणीस वर्षं तिनं शेण सारवलेलं.
कागद तोवर पुठ्ठ्यावर, भिंतीला उभा.
म्हटलं, बघ कोण आलंय.
तांब्या तसाच तोंडाशी धरून तिनं बघितलं.
"हो कोण रे?"
सांगितलं.
"न्हय," म्हणाली.
जवळ गेली, लांब गेली,
पदरानं डोळे पुसून परत जवळ.

"बुवांचें तोंड कोणें पळयलां?
आमची मान सदा खाली.
डाव्या अंगठ्याचं नख फुटलेलं, उभं, नांगरल्यासारखं.
टाचेत भेग, भेगेत तांबडी माती.
चालताना उजवं पाऊल जरा जास्त वाजायचं.
ते दाखव. काळोखात वळखीन."

कागदाच्या खालच्या कडेशी ती वाकली,
पुढे काही आहे का बघायला.
पुढे जमीन होती. लाकडाचा भुसा, दोन खिळे.
तिनं खिळे बाजूला सारले,
टोपलीतली अबोली तिथे ठेवली
आणि तांब्या पालथा घालून गेली.

शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत
धारगळकर आले.
सागाची चौकट, चकाकी न मारणारी काच, बिल.
थोडी घासाघीस.
"लावू किती उंचावर?"
"डोळे तुमच्या डोळ्यांच्या वीतभर वर.
आणि खाली जमिनीपर्यंत मोकळं ठेवा,
सोफा नको, चपलांचं कपाट तर नकोच."

"वास्तूचं काही?"

"हो," म्हटलं, "वास्तूचंच."