रेडिएटरचा पाइप

मिश्कोल्ट्समधली आमची इमारत, आयत्या सिमेंटच्या भिंतींची.
इथे चौथ्या मजल्यावर मी शिंकले
तर पहिल्यावरून कुणीतरी म्हणतं, तब्येत सांभाळा.

नोव्हेंबरात वर, पाचव्यावर, रोश्ताश कुटुंब आलं.
एक सोफा, दोन पाळणे, माणसं पाच.
जिन्यात ओल्गा कुजबुजली, "रोमा आहेत."
मी म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही."

त्याच आठवड्यात सुरू झालं:
ठक्. थांबून, ठक्.
मग काहीतरी फरफटत नेल्यासारखं.
रात्री एकला. पुन्हा तीनला.
अंधारात पडल्या पडल्या मी त्यांचं घर मांडलं:
बाटल्या, पत्ते, उलटी पडलेली खुर्ची,
नाच.
नाचसुद्धा मीच दिला त्यांना.

पळीनं पाइपवर ठोकायची मी.
लोखंड निरोप पोचवतं.
हिवाळाभरात पळीला पोचे आले.
शेवटी तक्रार लिहिली, तीन सह्या मिळवल्या,
"या लोकांना" असं लिहिलं, खोडलं,
"काही रहिवाशांना" केलं आणि पेटीत टाकली.

ईस्टरला ते गावी गेले.
रमोनानं किल्ली माझ्याच हातात दिली,
"कुंडीला पाणी घालाल?"
त्या रात्री, एक वाजता:
ठक्.

खालून. पाइप चढून येत होता आवाज.
तिसऱ्यावरचे डॉक्टर सेपेशी,
माझ्या दाढेत चांदी भरणारे,
चार पायांची काठी टेकत संडासाकडे.
बिचारे, म्हटलं मी.
किती तयार होता तो शब्द, जिभेवरच!
कूस बदलली आणि झोपले.
आवाज तोच, तेवढाच. मी झोपले.

सकाळी झारी घेऊन वर गेले.
जमिनीवर गालिच्यांचे तुकडे,
हिरवा, तपकिरी, एक कुठल्याशा हॉटेलचा,
भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटपट्टीनं जोडलेले.
दाराच्या कडेला फोम.
खुर्च्यांच्या पायांत
बाळाचे मोजे,
चार खुर्च्या, सोळा मोजे,
एकाही जोडीचा मेळ नाही.

कुंडीत पाणी जास्त झालं, बशीतून सांडलं.
पुसायला वाकले, तर गालिच्यानं आधीच पिऊन टाकलं होतं.

आज सोमवार, सणाची सुट्टी.
व्यवस्थापक उद्या नऊला पेटी उघडतो.
माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली आहे,
पेटीची नाही.
दाराकडे चालत गेले, मुद्दाम टाचा आपटत.
काहीच वाजलं नाही.