दाढ दुखत होती त्या दिवशी

आमच्या बेटावर माणसांपेक्षा गाई जास्त
आणि गाईंपेक्षा धुकं.
पहाटे बेल्मीरु घोड्यावरून उतरतो, खोगिराला दोन कॅन,
मागून दियोलिंदा पिकअपमध्ये, रेडिओ मोठ्ठा लावून,
मग बाकीचे.
पूर्वी चाळीस घरं दूध घालायची. आता सतरा.
कुणी कॅनडाला गेलं, कुणाची गुरं गेली नि रानं राहिली.
कुंपणाची निळी फुलं तेवढी
कुणाला न विचारता वाढतात.

दूध हौदात पडतं तेव्हा
अजून गाईच्या अंगाइतकं ऊन असतं.
त्यात कालची निवळी, विरजणापुरती,
मग वासराच्या जठराचा अर्क, वाटीभरही नाही,
आणि तासाभरात दूध आपलं म्हणणं बदलतं.
कापा, ढवळा, मीठ घाला, साच्यात दाबा.
उरलेली निवळी डुकरांना.
डुकरं म्हणजे सोसायटीचे सगळ्यात जुने सभासद.

तळघरात माझं काम.
मी झुल्मीरा, वहीवाली.
एदुईनु हातोडी घेऊन पुढे, मी वही घेऊन मागे.
फळीवर चीजची चाकं, एकेक दहा किलोचं.
तो ठोकतो, एकदा मध्ये, दोनदा कडेला.
भरीव चाक दारावरच्या थापेसारखं वाजतं, आत कुणीतरी आहे.
पोकळ चाक रिकाम्या घरासारखं,
आणि रिकामी घरं आम्हाला चांगली ओळखू येतात.

तो म्हणतो, ‘बरं’. मी लिहिते, बरं.
तो म्हणतो, ‘किसायला’. मी लिहिते, किसायला,
म्हणजे ते चाक पाकिटात जाणार, निम्म्या भावाने.
एकोणीस वर्षं असंच.
लिस्बनचा व्यापारी कापून बघतो, चघळतो,
एदुईनुच्या कानांची तारीफ करून जातो.

मार्चमध्ये माझी दाढ ठणकायला लागली.
दातांचा डॉक्टर येतो शुक्रवारच्या बोटीने,
तो मंगळवार होता.
गालात लवंग धरून उभी राहिले.
पहिलं चाक. भरीव. मी स्वतः ऐकलं.
नेमकी तेव्हाच कळ आली.
‘किसायला.’
मी लिहिलं. म्हटलं, असेल काही बारीक, आपल्याला काय कळतंय.
दुसरं बरं. तिसऱ्याला पुन्हा कळ.
‘किसायला.’
असं सहा वेळा.
सातव्या कळेला मी वहीतून मान वर केली.
हातोडी चाकावर होती,
डोळे माझ्या तोंडावर.

कान कधी गेले त्याचे, मला माहीत नाही.
बायको गेली त्या वर्षी असेल,
किंवा जुन्या मशीनच्या खडखडाटात, हळूहळू,
साय धरावी तसे.
आणि मी, जिला वाटायचं आपण नुसतं लिहितो,
किती चाकं पास-नापास केली असतील भुवयांनी!
मुलगा बोस्टनला गेला त्या आठवड्यात
अख्खी फळीच्या फळी किसली गेली असेल, कोण जाणे.

कुणाला बोलले नाही.
त्या सहातलं एक मीच विकत घेतलं, निम्म्या भावाने.
घरी कापलं. पिवळंधमक, एक चीर नाही,
जिभेला मिऱ्यासारखं झोंबणारं.
उजव्या बाजूने चावत खाल्लं.

शुक्रवारी दाढ काढली.
सोमवारी तळघरातला दिवा हलवून घेतला.
वायरमनला म्हटलं, अक्षर दिसत नाही.
आता उजेड थेट माझ्या चेहऱ्यावर पडतो.
घरचं जे काही असेल ते
दाराशी, गमबुटांच्या रांगेत ठेवून आत शिरते.
एदुईनु ठोकतो, मी ऐकते,
आणि पोकळ निघालं की
जरा जास्तच तोंड वाकडं करते.

‘किसायला,’ तो म्हणतो,
आणि परवापासून हसतोसुद्धा.
का हसतोस, मी विचारलं.
‘बरं,’ म्हणाला,
आणि पुढचं चाक ओढलं.