गर्दीचा हिशेब

मोकळ्या माळावर घोडा अजून छान धावतो.
गवत हलतं, नदीत ढग दिसतात,
पण शहराची वेस ओलांडली
की चित्राला उचकी लागते.
तलवार वर गेलेली, खाली यायचं नाव नाही.

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात
घनश्यामने स्टूल पुढे ढकललं आणि निदान सांगितलं:
ग्राफिक्स कार्ड बिचारं रंगारी, ते रंगवतंय.
बाजारात कोण कुठे चाललंय, कोण कुणाला धडकणार
हा हिशेब प्रोसेसरचा.
माणसं वाढली की तुमच्या ह्याला झेपत नाही.

आय-फाइव्ह, चौथी पिढी.
पहिल्या बोनसमध्ये जोडला होता,
कन्नमवार नगरच्या खोलीत तेव्हा पलंगही नव्हता.
मुलीच्या बारशाची पत्रिका ह्याच्यावर झाली,
सोसायटीचे तीन वर्षांचे ताळेबंदसुद्धा.

नवा घ्यायचा तर एकटा येत नाही.
मदरबोर्ड बदला, मग रॅम बदला,
मग पॉवर सप्लाय पुरेल का बघा.
बाथरूमची एक फरशी उचकटावी
आणि खालच्या मजल्यावरून गळतीची तक्रार यावी, तसं.
घनश्यामने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
मी विचारलं, चहा घेणार का?

रेवती म्हणाली, खेळतोस किती?
शनिवारी दोन तास.
मग तासाला किती पडला ते काढ.
काढलं.
सांगितलं नाही.

मग कळलं, त्याच पिढीतला, त्याच खोबणीत बसणारा
थोरला भाऊ जुन्यात मिळतो.
चेंबूरला, घाटला गावात, रघुवीर तांडेल, वय एकाहत्तर,
बेस्टमध्ये बत्तीस वर्षं ड्रायव्हर.
निवृत्तीनंतर रात्री जेवण झालं
की स्टीअरिंग टेबलाला आवळून जर्मनीत ट्रक चालवायचे.
"खड्डा नाही, कंडक्टरची घंटी नाही,
पहिले आठ दिवस करमलंच नाही हो."
आता दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग.
रस्ता दिसतो, तो फक्त कडेकडेने.
मला खुर्चीत बसवलं, स्वतः बाजूला बसले,
मान जरा तिरकी करून, तशानेच मला बघत.

प्रोसेसर नथीच्या डबीत होता, गुलाबी कापसावर.
"कडांनी धरा. पोटाला हात नको."
अडीच हजार मोजून दिले, त्यांनी बोटांनी चाचपले.
"चालला नाही तर परत आणा,
आणि चालला तर डबी तेवढी परत आणा. हिची आहे."
ही भिंतीवर होती, हार घातलेली.

पंधरा दिवस डबी मॉनिटरखाली.
खोबणीतली एक पिन वाकली तर हाही गेला, तोही गेला.
चालतंय ना, माझ्यातला कुणीतरी म्हणायचा,
माळ आहे, नदी आहे, शहरात जायचंच कशाला?
आणि मी खरंच जात नव्हतो.
घोडा वेशीपाशी आणायचा, वळवायचा.

काल तांडेलकाकांचा फोन.
"बसवलात का? गर्दीत नेऊन बघितलात?"
म्हटलं, ह्या शनिवारी नक्की.
थोडा वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
"घाई नाही. पण ती डबी..."

रात्री रेवती निजल्यावर चार स्क्रू काढले.
पंख्यावर राखाडी लोकर, जाळीत एक मोत्याचा मणी,
कुठल्या फ्रॉकचा तो लगेच ओळखला.
तरफ उचलली. करकर झाली, श्वास धरला, निघाला.
वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसली,
कानकोरण्याचा कापूस काळा झाला, खालचं नाव वर आलं.
नवा खोबणीत ठेवायचा तर हात मोकळा हवा,
म्हणून जुन्याला तेवढ्यापुरतं डबीत ठेवलं.

गुलाबी कापसावर
तो इतका नवा दिसला
की तरफ हातात धरून
मी बराच वेळ तसाच.