दोन पाकळ्या

दंडावर मार्करने नंबर : एकशे बारा.
छाती सत्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी,
सोळाशे मीटर पाच मिनिटं अठरा.
केरीच्या पुळणीवर ओहोटी लागली की
मी दोन वर्षं मरमर धावलो होतो.
कुत्री ओळखीची झाली,
शॅकवाले चहा देऊ लागले,
टाचांना मिठाच्या चिरा पडल्या.

मडगावात स्टेडियममागच्या तंबूत आम्ही नऊजण, चड्डीवर.
कॅप्टन डॉक्टर बाईंचा स्टेथोस्कोप
इतरांच्या छातीवरून चालता झाला,
माझ्याकडे येऊन बसला.
'श्वास रोख.' रोखला.
'पुढे वाक.' वाकलो.
पुन्हा तीच जागा. डोळे मिटून,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तशा.

मग कागदावर लिहीत म्हणाल्या, मर्मर.
मला वाटलं, मरमर म्हणतायत.
म्हटलं, होय मॅडम, दोन वर्षं.
त्या हसल्या नाहीत.

बांबोळीला एकोची खोली काळोखी, एसी गार,
जेली त्याहून गार.
सिस्टर फिलोमेना, कुडतरीच्या, म्हणाल्या,
'उलोव नाका पुता, स्वास धर.'
पडद्यावर राखाडी काहीतरी उघडझाप करत होतं,
चिखलातल्या खुब्यासारखं.
हे माझं?
एकोणीस वर्षं
मला न विचारता चाललेलं.

डॉक्टरांनी पेनाने वर्तुळ काढलं :
इथे झडपेला तीन पाकळ्या असतात.
तुला दोन. जन्मापासून.
जगशील, लग्न करशील, बेताने धावशीलसुद्धा,
वर्षातून एकदा येऊन दाखवून जा.
सैन्य मात्र नाही.
हे शेवटचं त्यांनी
दार लावताना कुणाचं बोट सांभाळावं तसं हळू म्हटलं.
आणि कागदाची घडी घालता घालता,
'घरात आणखी कुणाला दम लागतो?'

बाबा.
तेरेखोलच्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळतात.
गेली दोन वर्षं म्हणतायत,
देवळाकडची चढण कुणीतरी उंच केलीय.
आई म्हणते विडी. शेजारचा कामिल म्हणतो वय.
मी म्हणायचो, चला माझ्याबरोबर धावायला.

आज त्याच पलंगावर ते, डाव्या कुशीवर,
छातीच्या पांढऱ्या केसांत जेली,
लायसन्सच्या फोटोतला चेहरा.
सिस्टरनी आवाज चालू केला.
खोलीभर खर्र-धप्, खर्र-धप्.
बाबांनी मान तिरकी केली,
डेकखाली उतरल्यावर करतात तशी.
'व्हॉल्व्ह अडकतोय,' म्हणाले.
'कुणाचं इंजिन?'

कुणी बोललं नाही.
सिस्टर मापं घेत राहिल्या,
एक रेघ, तिच्यावर आडवी दुसरी,
पुन्हा पुसून पहिली.
मी दाराशी त्यांचा शर्ट धरून उभा.
खिशात विडीचं बंडल, इंजिनघराची किल्ली.
साडेपाचची फेरी कोण नेणार,
ते कुणालाच सांगून आलो नव्हतो.