धामणीची शिडी

व्हरांड्यात फरश्या नऊ ओळी, अकरा रांगा,
म्हणजे नव्व्याण्णव.
शंभरावं घर कुठून आणायचं
हा प्रश्न मला नाही, चौथीतल्या खुशालला पडला.
"पायरी धरू ना जी, म्याडम."
मग पायरी शंभर झाली.

श्रावण नन्नावरे भाद्रपदातच सापडतो.
दिवाळी सरली की नाटकवाले त्याला पळवतात,
या गावाहून त्या गावाला पडदे रंगवत.
महालाचा पडदा, जंगलाचा पडदा,
आणि एक कोर्टाचा, ज्यात खांब नेहमी वाकडे.
तो अर्धे डबे घेऊन आला:
राजवाड्यावरच्या आभाळाचा निळा,
खलनायकाच्या कोटाचा तपकिरी,
थोडा लाल, तो कशाचा ते त्याने सांगितलं नाही.

पैसे किती, विचारलं.
"चहा पाजा," म्हणाला, "अन् पोरायले लांब ठेवा."
पोरं लांब राहिली नाहीत.

साप त्याने पडद्यासारखे काढले,
दुरून दिसावेत असे,
जिभा तर हातभर.
चौसष्टवरून एकोणीसवर उतरणारी एक लांबलचक धामण.
ती अजून ओली होती
तेव्हा सायत्रा मडावी तिच्या डोक्याशी येऊन बसली.
दुसरीतली सायत्रा.
जून महिन्यापासून वर्गात तिचा आवाज
मी फक्त हजेरीला ऐकला होता.

"हे खाली काहून नेते?"

श्रावण म्हणाला, साप आहे ना बाई.

"धामन उंदरं खाते.
आमच्या पुंजण्यात रायते.
बा तिले मारू नाही देत."
मग बराच वेळ गप्प.
मग, "थे वर नेते."

मी पुस्तकात शोधलं नाही. कशात शोधणार?
श्रावणने कुंचला कानामागे खोचला,
सायत्राकडे पाहिलं, धामणीकडे पाहिलं,
आणि शेपटीच्या जागी डोकं काढायला घेतलं.
डोक्याची शेपूट करताना मात्र
त्याने एक शिवी हासडली, हळूच,
जी सगळ्यांनी पाठ केली.

त्यानंतर थांबणं कोणाच्या हातात नव्हतं.
शिडीवर कोणी चढायचं, का चढायचं,
यावर दोन दिवस भांडणं.
सत्तावीसवर मोहाचं झाड आलं,
तिथे पोचलेल्याने एक डाव फुलं वेचत थांबायचं.
एक्केचाळीसवर अस्वल.
अस्वलाला काय करायचं हे अजून ठरलेलं नाही,
तिथे पोचलेला नुसता ओरडतो.

फासा नाही. चार चिंचोके,
पायरीवर घासून अर्धे केलेले.
चारही पांढरे तर चार,
चारही काळे तर आठ.
सायत्रा घरं मोजते तिच्या बोलीत,
मूंद, नालुंग, सयुंग,
आणि आता तिच्या सोंगटीमागे
कुणबी-तेल्यांची पोरंही तसंच मोजतात.
सोंगटी म्हणजे बांगडीचा तुकडा.

केंद्रप्रमुख आले. बूट काढून
बावन्नवर उभे राहिले बिचारे.
म्हणाले, साप उलटा आहे.
म्हटलं, हो.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं,
मग चिंचोके उचलले, एकदाच, सहज म्हणून,
आणि मधली सुट्टी संपेपर्यंत हरले.

श्रावणला पायरीवर महाल हवा होता.
"शेवट म्हटल्यावर महाल लागतेच," त्याचं म्हणणं.
पायरी वीतभर. कळस मावेना.
तो तसाच सोडून गेला,
दोन खांब आणि मध्ये निळं.

दुसरीच्या अभ्यासक्रमात आकडे शंभरापर्यंत.
सोमवारी मी कुलूप काढायला आले
तर पायरीच्या खाली, मातीत,
चुन्याच्या रेघांनी चौकोन पुढे गेलेले.
एकशे एक. एकशे दोन.
कडुनिंबाला वळसा घालून,
एकशे नऊमध्ये बकरी बसलेली,
ती तिथलीच आहे की आलेली, कळेना.
हातपंपाशी एकशे सतरा,
आणि त्यातला सात अर्धाच.

सायत्रा तिथे उकिडवी,
रिकामी वाटी पालथी करून दाखवत:
"म्याडम, चुना सरला."