भिशीचा शेवटचा हप्ता

गुपित म्हणून काही आम्हाला जमत नाही.
चौघींना मिळून कान दीड,
त्यामुळे बेत ठरायच्या आधीच
येओंगदो बेटावरच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक:
म्हाताऱ्या समुद्र ओलांडून जपानला निघाल्यात,
डोंगरात, तंबूत,
तीन दिवस गिटारी ऐकायला.

"ऐकायला?" मासळीवाली म्हणाली
आणि तोंडावर हात घेतला.
असले हात आम्हाला वाचता येतात.

तीस वर्षं जहाजांची अंगं ठोकली आम्ही.
दोरांना टांगलेल्या फळीवर बसून
गंज, शिंपले, जुन्या रंगाचे पापुद्रे,
ठण् ठण् ठण्,
सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत.
जहाजं लखलखीत होऊन निघून गेली.
हातोडा मात्र डोक्यातच राहिला,
अजून रात्रपाळी करतो.

पोस्टर आणलं ओकबुननं.
बोटीच्या धक्क्यावर फरशी पुसते ती,
तिथल्या भिंतीवरून अलगद सोडवलेलं.
चिखलात रेनकोट घातलेली पोरं,
मागे देवदारांचा उभा डोंगर,
आणि दोन्ही बाजूंना स्पीकर, दुमजली घराएवढे.
तिनं त्यांवर बोट ठेवलं.
"यांच्यापुढे उभं राहिलं
तर आपल्यालासुद्धा येईल की."

कुणीच हसलं नाही.
मालसुकनं नूडल्सचा वाडगा बाजूला सारला
आणि पेन्सिल काढली.

मालसुक म्हणजे शेवटची, पुढे पोरगी नको;
बापानं नावातच लिहून ठेवलेलं.
तिच्यामागून आणखी दोघी झाल्या.
हिशेबाला आमच्यात तीच पक्की.
महिन्याला एकेक लाख वॉन, बारा महिने,
आणि या भिशीत नंबर कुणाचाच लागायचा नाही,
शेवटी उचलायची ती सगळ्यांनी एकदम.
मार्चमध्ये माझ्या दाताचे पैसे त्यात गेले.
दात अजून दुखतो.

आता यादी.
गमबूट चार जोड. गुडघ्याचे पट्टे सात
(माझा डावा बरा आहे).
कानातल्या मशिनीचे सेल.
लोणच्याचा डबा, तीन पिशव्यांत गुंडाळून,
तरी बोटभर वास सुटणारच.
जपानी भाषा: ओकबुनला नऊपर्यंत आकडे
आणि "संडास कुठे आहे?"
उत्तर कळणार नाही, पण बोट दाखवतीलच कुणीतरी.
तंबूत कडेला कोण झोपणार
यावर परवा इतकं भांडलो
की दुकानदारीणबाईनं रेडिओ मोठा केला.
केला म्हणे. आम्हाला काय कळतंय.

दुनाम गप्प होती.
ती सगळ्यांत थोरली. तिचा बाप
ती पोटात असताना याच पाण्यावरून गेला,
कोळशाच्या खाणीवर,
नाव लिहून घेणाऱ्यांनी नेला तसा.
कोणती खाण, कोणता डोंगर, कुणी सांगितलं नाही.
आम्ही म्हटलं, तू नको येऊस,
तुझा हप्ता परत देतो.
तिनं मालसुकच्या हातातली पेन्सिल घेतली,
यादीच्या वर, कागदाच्या अगदी कडेला लिहिलं:
आधी परतीची तिकिटं.
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग ओकबुनला काय वाटलं कोण जाणे,
तिनं चमच्यानं टेबल वाजवलं.
जुन्या सवयीनं, आमच्याच तालात,
तीन हलके, एक जोरात, जिथं गंज जाड असतो तिथं.
आम्ही तळवे लाकडावर टेकले.
मनगटातून कोपरापर्यंत आलं,
मग छातीच्या हाडात.
"हे असं," ती म्हणाली, "पण डोंगराएवढं."

दुकानदारीणबाई धावत आली,
वाडगे हलतायत, रस्सा सांडतोय.
तिचे ओठ काय म्हणत होते
ते आम्ही चौघींनी चार तऱ्हांनी वाचलं.

बोट अठ्ठावीस जुलैला, रात्री नऊला.
कडेला मी झोपणार आहे.